भट्टीने निवडलेला निळा

जेवणाच्या भांड्यांची फॅशन सतत बदलत असते. ताटं चौकोनी होतात आणि काही वर्षांनी पुन्हा गोल होतात. कपांना सोनेरी कड लागते, मग तीच कड जुनाट वाटू लागते. या सगळ्या उलथापालथीत एक जोडी मात्र सुमारे सातशे वर्षं टिकून आहे: पांढऱ्या चिनी मातीवर निळी नक्षी. चीनच्या सम्राटांनी ती मागवली, इराणच्या शाहने ती दर्ग्याला अर्पण केली, डच व्यापाऱ्यांनी ती जहाजं भरभरून नेली आणि इंग्लंडमधल्या साध्या कामगारांनी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडली. आजही ती नव्याने बनते आणि खपते.

निळा रंग शांत वाटतो, आकाशाचा आणि पाण्याचा रंग आहे, असं कारण सहसा दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. फिकट हिरवाही शांतच असतो, पण हिरव्या-पांढऱ्या भांड्यांनी जगाला असं वेड लावलेलं नाही. याचं उत्तर मनात शोधण्याआधी भट्टीत शोधायला हवं. हा रंग आधी आगीने निवडला, माणसांची आवड त्यामागून आली. आणि हाताशी एकच रंग असल्यामुळे चित्रकारांना जे करावं लागलं, त्यातूनच ही आवड पक्की झाली.

आगीतून काय वाचतं

आधी भांडं समजून घेऊ. आपण सरसकट ज्याला चिनी माती म्हणतो त्यात दोन बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे साधी भाजलेली माती, जिच्यावर झिलईचा, म्हणजे काचेसारख्या लेपाचा, थर चढवलेला असतो. हिचा टवका उडाला की आतली पिवळट, तांबूस किंवा मळकट पांढरी, पाणी शोषणारी माती उघडी पडते. दुसरी म्हणजे पोर्सेलिन. ती आतपर्यंत पांढरी आणि काचेसारखी घट्ट असते. भांडं पातळ असेल तर उजेडासमोर धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दिसते.

पोर्सेलिनचं सर्वांत मोठं केंद्र म्हणजे चीनच्या जियांगशी प्रांतातलं जिंगदेझेन. तिथले कारागीर दोन पदार्थ एकत्र मळत. एक केओलिन, म्हणजे सहजासहजी न वितळणारी पांढरी माती, आणि दुसरा पोर्सेलिन-दगड म्हणून ओळखला जाणारा, कुटून भुकटी केलेला खडक. भट्टी १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली की दगडाची भुकटी वितळून काच होऊ लागते आणि केओलिन त्या काचेला आकार सोडू देत नाही. एकट्या दगडाचं भांडं बसून गेलं असतं, एकट्या केओलिनचं भांडं घट्ट झालंच नसतं.

या उष्णतेत रंगांची मात्र पंचाईत होते. झाडापाल्याचे, किड्यांचे, कसलेही सेंद्रिय रंग तर केव्हाच जळून जातात. उरतात धातूंची ऑक्साइडं, आणि त्यांतलीही बरीचशी एवढ्या तापमानात बिघडतात, उडून जातात किंवा झिलईत विरघळून दिसेनाशी होतात. लोहापासून तपकिरी, काळसर किंवा हिरवट छटा मिळते, पण बारीक रेघ नीट राहत नाही. तांब्यापासून लाल मिळतो. चिनी कारागिरांनी तो मिळवलाही, पण तो फार लहरी. तापमान जरा चुकलं की तांबं उडून जातं, भट्टीतली हवा थोडी कमी-जास्त झाली की लालाच्या जागी राखाडी किंवा हिरवट डाग उमटतो.

कोबाल्टचं तसं नाही. भट्टीत हवा खेळती असो वा कोंडलेली, कोबाल्ट निळाच येतो. काचेत विरघळल्यावर त्याचे अणू ऑक्सिजनच्या चार अणूंच्या वेढ्यात बसतात आणि पांढऱ्या उजेडातला पिवळा, नारिंगी, तांबडा भाग शोषून घेतात. मागे उरतो तो निळा. त्याची ताकदही जबरदस्त आहे: काचेत अर्धा टक्का कोबाल्ट असला तरी ती गडद निळी होते. म्हणजे दुरून, महागात आणावा लागला तरी थोडक्यात भागणारा हा रंग होता.

आता चित्रकाराचं काम बघा. जिंगदेझेनमध्ये चित्र कच्च्या, नुसत्या वाळवलेल्या भांड्यावर काढत. कोबाल्टची भुकटी पाण्यात कालवली की ती निळी दिसत नाही, काळपट करडी दिसते. कोरडं भांडं टीपकागदासारखं ओलावा झटकन ओढून घेतं, त्यामुळे कुंचला जिथे थबकेल तिथे डाग गडद होतो आणि ओढलेली रेघ खोडता येत नाही. चित्र झाल्यावर त्यावर झिलईचा थर चढतो आणि सगळंच झाकलं जातं. मग भांडं, रंग आणि झिलई एकाच आचेत भाजून निघतात. आपण काय रंगवलं ते चित्रकाराला भट्टी निवल्यावरच कळत असे. काळ्या रेघेत निळा पाहणं आणि किती पाणी घातलं की किती फिकट उतरेल याचा अंदाज बांधणं, हे खरं कसब होतं.

या पद्धतीमुळे एक मोठा फायदा झाला. रंग काचेच्या थराखाली बंद झाला. झिलईवर काढलेली सोनेरी किंवा लाल नक्षी घासून घासून पुसट होते. झिलईखालचा निळा वापराने जात नाही. पाचशे वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेल्या भांड्यावर झिलई मंद झालेली असेल, पण नक्षी बहुतेक वेळा जागच्या जागी असते.

हा कुठल्या देशाचा?

हा निळा-पांढरा अस्सल चिनी, असं आपण धरून चालतो. गोष्ट तेवढी सरळ नाही, आणि मला तिचा हाच भाग सर्वांत आवडतो.

नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांना चीनहून येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र भांड्यांची भुरळ पडली होती. त्यांच्याकडे तशी माती नव्हती. म्हणून त्यांनी पिवळट मातीच्या भांड्यावर कथिल मिसळलेली अपारदर्शक पांढरी झिलई चढवली आणि त्यावर कोबाल्टने पानंफुलं काढली. म्हणजे चिनी पांढऱ्याची नक्कल करताना त्यात निळ्याची भर अरबांनी घातली. जवळपास त्याच काळात चीनच्या हनान प्रांतातही कोबाल्टचे प्रयोग सुरू होते. १९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातल्या एका अरबी बांधणीच्या जहाजाचे अवशेष सापडले. त्यावरच्या सुमारे साठ हजार चिनी भांड्यांत तीन निळ्या-पांढऱ्या थाळ्या धडधाकट निघाल्या. त्यांच्यावरची नक्षी पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकाला रुचेल अशी आहे.

चीनमध्ये मात्र हा प्रयोग पुढे जवळजवळ विसरला गेला. तिथल्या रसिकांना एकरंगी, शांत झिलईची भांडी प्रिय होती: फिकट हिरवी, दुधी पांढरी. चित्र बदललं ते मंगोलांच्या राज्यात. १२७८ साली युआन या मंगोल घराण्याच्या दरबाराने जिंगदेझेनच्या परिसरात पोर्सेलिनवर देखरेख करणारं कार्यालय उघडलं. चीनपासून इराणपर्यंतचा मुलूख मंगोल घराण्यांच्या ताब्यात असल्याने माल आणि माणसं दोन्ही सहज ये-जा करू लागली. इराणमध्ये काशानजवळच्या कमसर गावात कोबाल्टच्या खाणी होत्या, आणि पश्चिम आशियातला हा रंग आता जिंगदेझेनच्या उत्तम मातीला येऊन मिळाला. चौदाव्या शतकात तिथे जी प्रचंड मोठी ताटं बनली ती चिनी जेवणाच्या पद्धतीला सोयीची नव्हती. ती पश्चिम आशियात, एका ताटाभोवती बसून जेवणाऱ्या पंगतीसाठी होती. त्यांच्यावरची नक्षीही कडेपासून मध्यापर्यंत वर्तुळांत विभागलेली, जागा न सोडणारी, इस्लामी धातुकामाची आठवण करून देणारी होती.

या काळातला पक्का पुरावा म्हणजे ब्रिटिश म्युझियममधली डेव्हिड फुलदाण्यांची जोडी. तिच्या गळ्यावर लिहिलंय की चांग वेनजिन नावाच्या भाविकाने एक धूपपात्र आणि या दोन फुलदाण्या कुटुंबाच्या रक्षणासाठी देवळाला वाहिल्या. साल १३५१. म्हणजे तेव्हापर्यंत ही कला पूर्ण हातात आलेली होती. दिल्लीतल्या तुघलकांच्या वाड्याच्या जागीही याच युआन काळातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे तुकडे सापडले आहेत.

तरीही चिनी पंडितांना ते लगेच पटलं नाही. त्साओ चाओ या जाणकाराने १३८८ साली पुरातन वस्तूंच्या पारखीवर ग्रंथ लिहिला, त्यात निळी-पांढरी भांडी अगदीच गावंढळ ठरवली. पण त्यानंतर पन्नास वर्षंही लोटली नाहीत तोच मिंग सम्राट योंगले आणि शुआंदे यांच्या काळात हीच भांडी दरबाराची मानाची भांडी झाली.

या दरबारी भांड्यांवर एक गंमत दिसते. त्या काळी वापरात असलेल्या पश्चिम आशियाई कोबाल्टमध्ये लोह जास्त होतं. त्यामुळे जिथे रंग दाट लागला तिथे झिलईवर काळपट, किंचित दबलेले ठिपके उमटले. तो दोषच होता. पुढे चीनमधलाच कोबाल्ट मिसळून वापरात आला. त्यात मँगनीज जास्त असल्याने नीट शुद्ध केला नाही तर निळ्याला राखाडी झाक येई, पण ठिपके गेले. अठराव्या शतकात, मिंगांनंतर आलेल्या चिंग दरबाराच्या कारागिरांना जेव्हा शुआंदे काळातल्या भांड्यांसारखी भांडी बनवायची होती, तेव्हा त्यांनी कुंचल्याच्या टोकाने जागोजागी जास्तीचा रंग टेकवून ते ठिपके मुद्दाम काढले. जुन्या भांड्यावर रंग आपोआप साचलेला असतो, नव्यावर तो मोजून टाकलेला दिसतो. जाणकार आजही हा फरक डोळ्यांनी ओळखतात.

नकलांची साखळी

इथून पुढे या भांड्यांची गोष्ट म्हणजे एकमेकांच्या नकलांची साखळी आहे. इराणमध्ये शाह अब्बास पहिला याने १६११ साली अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून जास्त चिनी भांडी अर्पण केली. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात दहा हजारांहून अधिक चिनी भांडी जमली. तुर्कस्तानातल्या इझनिकचे कुंभार पंधराव्या शतकाच्या अखेरीस निळ्या-पांढऱ्यानेच नावारूपाला आले. व्हिएतनाममध्ये, कोरियात, जपानमध्ये प्रत्येकाने आपला वेगळा प्रकार काढला.

युरोपला खरी चटक लागली ती एका लुटीतून. १६०३ साली डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यातल्या मालात सुमारे एक लाख पोर्सेलिनची भांडी होती. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये त्यांचा लिलाव झाला. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री आणि इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यांच्यासाठीही तिथे खरेदी झाली. त्यानंतर डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाखो नग युरोपात उतरवले.

मग चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, यादवी माजली आणि पुरवठा आटला. मागणी होतीच. ती दोन ठिकाणी वळली. जपानमध्ये अरिता भागातल्या भट्ट्यांना कंपनीने १६५९ साली मोठी मागणी नोंदवली. आणि हॉलंडमध्ये डेल्फ्ट शहरातल्या कुंभारांनी संधी साधली. तिथला बिअर गाळण्याचा धंदा तेव्हा बसत चालला होता. रिकाम्या झालेल्या इमारतींत कुंभारांनी भट्ट्या घातल्या आणि कित्येकांनी जुनी नावंही तशीच ठेवली.

डेल्फ्टची भांडी पोर्सेलिनची नव्हती. बसऱ्याच्या कुंभारांची कथिलाची युक्ती स्पेन आणि इटलीमार्गे त्यांच्यापर्यंत पोचली होती. मऊ माती, वर पांढरी झिलई, तिच्यावर कोबाल्टचं चित्र आणि चित्रावर आणखी एक पारदर्शक थर, जेणेकरून चिनी भांड्याची चकाकी यावी. सुरुवातीला त्यांनी चिनी बागा आणि मनोरे हुबेहूब उतरवले. हळूहळू त्यात पवनचक्क्या, गलबतं, बायबलमधले प्रसंग शिरले. आज कुणालाही विचारा, डेल्फ्टचा निळा हा डच रंग आहे असंच उत्तर येईल. हीच गोष्ट पोर्तुगालच्या निळ्या फरशांची आणि मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या भांड्यांची. प्रत्येक ठिकाणी हा रंग बाहेरून आला आणि दोन-तीन पिढ्यांत घरचा झाला.

जर्मनीतला किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला पोर्सेलिनचं व्यसनच होतं. १७१७ साली त्याने आपले ६०० घोडेस्वार सैनिक प्रशियाच्या राजाला दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्याआधी १७०८ मध्ये त्याच्याच पदरी असलेल्या बोटगरने पोर्सेलिनचं गुपित उलगडलं होतं आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला होता. याच कारखान्यात १७४० च्या आसपास एक नक्षी तयार झाली, जिला पुढे लोक कांदा-नक्षी म्हणू लागले. त्यात कांदा कुठेच नाही. चिनी चित्रात डाळिंबं आणि पीच होती. डाळिंब म्हणजे भरपूर संतती, पीच म्हणजे दीर्घायुष्य. तिकडच्या बघणाऱ्यांना ती फळं ओळखू आली नाहीत, त्यांना ते कांदे वाटले. अर्थ वाटेत सांडला, नक्षी पुढे चालत राहिली, आणि आज जवळपास तीनशे वर्षांनंतरही ती बनते. माझ्या मते या भांड्यांच्या दीर्घायुष्याचं रहस्य इथे स्पष्ट दिसतं. जे चित्र अर्थ कळला नाही तरी उभं राहतं, ते कुठल्याही देशात रुजू शकतं. आणि तसं उभं राहायला रेघ उत्तम असावी लागते.

एकच रंग, म्हणून रेघ

बहुरंगी चित्रात रंग बराच भार उचलतो. फूल लाल, पान हिरवं, पाणी निळं. बघणाऱ्याला ओळख पटते. निळ्या-पांढऱ्यात ही सोय नाही. फूल निळं, पान निळं, पक्षी निळा, डोंगर निळा, आकाश कोरं. मग एक गोष्ट दुसरीपासून वेगळी कशी करायची? रेघेच्या जाडीने, रंगात पाणी कमी-जास्त करून, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पांढरी जागा मोकळी सोडून. जिंगदेझेनचे चित्रकार आधी बारीक, गडद रेघेने आकृती काढत आणि मग पाणीदार रंग आत भरत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, खांगशी सम्राटाच्या काळात, या फिक्या-गडद छटांचे कितीतरी थर एकाच डोंगरावर दिसतात.

हे काम एका माणसाचं नव्हतं. फ्रान्स्वा झाविए दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ आणि १७२२ साली जिंगदेझेनबद्दल लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. तो सांगतो की एक कारागीर फक्त कडेचं वर्तुळ काढतो, दुसरा फुलांची रेघ काढतो, तिसरा ती भरतो, कुणी केवळ पाणी आणि डोंगर करतो, कुणी केवळ पक्षी-प्राणी. एक भांडं सत्तर हातांतून जातं असं तिथे म्हणत, हेही त्याने नोंदवलंय. आयुष्यभर एकाच प्रकारची रेघ ओढणाऱ्याच्या हाताला जो सहजपणा येतो तो या भांड्यांवर उघड दिसतो. त्या माणसांची नावं कुठेही नाहीत.

डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगन कारखान्याची पहिली नक्षी हीही अशीच साधी, निळ्या फुलांची. १७७५ पासून आजवर ती हाताने रंगवतात. चिनी फूल युरोपात येऊन इतकं बदललं की त्याचं झाड कोणतं ते सांगता येत नाही. भांड्यामागे तीन लाटांच्या रेघा असतात, त्या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांच्या.

आता बघणाऱ्याच्या डोळ्याकडे येऊ. गडद निळा आणि पांढरा यांत उजेडाचा फरक मोठा आहे, म्हणून बारीक नक्षीही दुरून वाचता येते. काळ्या-पांढऱ्यातही फरक असतो, पण काळा पांढऱ्यावर कापल्यासारखा कडक बसतो. कोबाल्ट झिलईत किंचित पसरतो, कडा मऊ होतात. त्यात जिंगदेझेनच्या झिलईत थोडं लोह असतं आणि कोंडलेल्या भट्टीत ते पांढऱ्याला अतिशय पुसट निळसर झाक देतं. म्हणजे पार्श्वभूमी आणि चित्र यांच्यात आधीच नातं असतं. कोऱ्या पांढऱ्यावर छापलेला आजचा चकचकीत निळा कधी कधी उपरा वाटतो, त्याचं कारण मला यातच दिसतं. अन्नाच्या बाबतीतही सोय आहे. खाण्याचे पदार्थ पिवळे, तपकिरी, तांबडे, हिरवे असतात. निळे जवळपास नसतातच. त्यामुळे ताटातला पदार्थ नक्षीत हरवत नाही.

कागदावरून ताटावर

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत चांगली निळी-पांढरी भांडी पैसेवाल्यांकडेच असत. ते बदललं इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंट भागात. १७८४ च्या सुमारास जोसाया स्पोड यांनी झिलईखाली छपाईची पद्धत पक्की केली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, कोरलेल्या खाचांत तेलात कालवलेला कोबाल्ट भरायचा, त्यावर पातळ कागद दाबून ठसा घ्यायचा. तो ओला कागद एकदा भाजलेल्या भांड्यावर चिकटवून घासायचा आणि मग पाण्याने धुऊन काढायचा. रंग भांड्यावर राहतो. हलक्या आचेत तेल जाळून टाकलं की झिलई चढवून पुन्हा भाजायचं. इथेही निळाच का, याचं उत्तर पुन्हा तेच: झिलईच्या आचेत छापील रेघ नीट टिकवणारा भरवशाचा रंग तेव्हा एवढाच होता. बाकीचे रंग या पद्धतीत यायला काही दशकं गेली.

एका पत्र्यावरून शेकडो ताटं निघू लागली आणि साध्या घरांतही पूर्ण संच पोचले. याच लाटेत १७९० च्या आसपास विलो-नक्षी आली: झुकलेलं विलोचं झाड, पुलावर तीन माणसं, होडी, मंडप, कुंपण आणि वर उडणारे दोन पक्षी. यासोबत एक करुण प्रेमकथा सांगतात. श्रीमंत अधिकाऱ्याची मुलगी, गरीब कारकून, पळून जाणं, बापाचा पाठलाग, मृत्यू, आणि शेवटी दोघांचं पक्षी होणं. ही चिनी लोककथा आहे असं अनेकांना आजही वाटतं. प्रत्यक्षात नक्षी इंग्लंडमध्ये चिनी चित्रांचे तुकडे जुळवून बनली, आणि कथा त्या चित्रावरून नंतर रचली गेली. १८४९ साली ती एका इंग्रजी मासिकात छापून आली. मला यात फसवणूक दिसत नाही. रोज समोर येणाऱ्या चित्रात काय चाललंय हे लोकांना जाणून घ्यायचं होतं. जेवता जेवता मुलांना सांगायला गोष्ट मिळाली, आणि त्या गोष्टीने नक्षीला आणखी दीडशेहून जास्त वर्षांचा दम दिला.

स्पोडचीच १८१६ मधली इटालियन भग्नावशेषांची नक्षी तर तेव्हापासून आजतागायत बनते. म्हणजे पणजीच्या संचातलं ताट फुटलं तर पणतीला त्याच नक्षीचं नवं मिळू शकतं. भांड्यांच्या जगात ही फार मोठी गोष्ट आहे. बहुतेक संच एक-दोन नग फुटले की मोडीत निघतात.

हातात घेतल्यावर काय बघायचं

भांडं उलटं करा. पोर्सेलिन असेल तर खालच्या कड्यावर, जिथे झिलई नसते, तिथे माती घट्ट, पांढरी आणि गुळगुळीत दिसते. कडा खरखरीत आणि रंगीत असेल तर ती साधी माती. हाताने रंगवलेल्या नक्षीत रंग भरताना कुंचल्याच्या फटकाऱ्यांचे पट्टे दिसतात, आणि दोन सारखी फुलं नीट बघितली तर सारखी नसतात. जुन्या छापील नक्षीत रेघा बारीक ठिपक्यांच्या किंवा समांतर खाचांच्या असतात, आणि काठावर कुठेतरी कागदाची दोन टोकं जुळवल्याचा सांधा सापडतो: अर्धवट तुटलेलं पान, न जुळलेली वेल. हा सांधा शोधायला मला फार आवडतं, कारण तिथे कागद लावणाऱ्या कामगाराचा हात दिसतो.

तळाशी चिनी सम्राटाच्या नावाची सहा अक्षरं असली म्हणून भांडं त्या काळातलं ठरत नाही. खांगशी काळातल्या कारागिरांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या चंगह्वा सम्राटाची मुद्रा आदराने घातलेली अनेक भांडी आहेत, आणि नंतरच्यांनी ती विक्रीसाठीही घातली. जुन्या डेल्फ्टसारख्या कथिलाच्या झिलईत शिसं असतं, तेव्हा अशी भांडी मांडून ठेवावीत, आंबट पदार्थ त्यात ठेवू नयेत.

वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या नक्षींची निळी-पांढरी भांडी एकाच टेबलावर बिनदिक्कत मांडता येतात. एकावर डोंगर, दुसऱ्यावर वेल, तिसऱ्यावर पूल असला तरी चालतं. सगळीकडे कोबाल्टच असल्याने निळा थोडा फिका, थोडा जांभळट, थोडा राखाडी असला तरी एकाच कुळातला दिसतो. बिनसतं ते बहुतेक वेळा पांढऱ्यामुळे. पोर्सेलिनचं निळसर पांढरं आणि साध्या मातीचं सायीसारखं पांढरं शेजारी आलं की दुसरं मळकट दिसू लागतं. म्हणून संच जमवताना दोन्ही भांडी पालथी घालून, दिवसाच्या उजेडात, फक्त त्यांचं पांढरं शेजारी शेजारी बघावं.